आधी उलटायला शिका, मग वल्हवायला

कोल्हापूरकराची पाण्याशी पहिली ओळख बहुतेक वेळा विहिरीच्या काठावर होते. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर रिकामा डबा बांधलेला, खाली पाण्यात मामा नाहीतर चुलता, आणि मागून कुणीतरी ढकलतं. नाकातोंडात पाणी जातं, माणूस वर येतो आणि त्याला कळतं की आपण बुडालो नाही. हातपाय मारणं त्यानंतर येतं.

कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पान असलेल्या वल्ह्यानं चालवायची लांब, निमुळती होडी, शिकतानाही हाच क्रम ठेवा. बहुतेक नवखे पहिल्या दिवशी वल्हं कसं मारायचं ते विचारतात आणि कयाक उलटू नये म्हणून अंग आखडून बसतात. आखडलेल्या अंगाखाली कयाक जास्त डुगडुगते. एकदा मुद्दाम उलटून, परत चढून बसलात की कंबर सैल होते आणि कयाक तुमचं ऐकू लागते. म्हणून या लेखात वल्हवण्याच्या आधी उलटणं आहे. त्याच्याही आधी जागा, वेळ आणि साहित्य, कारण तिथं चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं.

आधी कयाकची ओळख

पुराच्या दिवसांत आपल्याकडं गुऱ्हाळातल्या काहिलीतून माणसं ने-आण करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. काहील गोल असते, त्यामुळं सहज कलंडत नाही. पण तिला पुढचं-मागचं असं काही नाही, एका बाजूनं पाणी मारलं की ती जागच्या जागी गिरकी घेते. कयाक याच्या बरोबर उलट. लांब आणि निमुळती असल्यानं ती सरळ धावते, पण रुंदी कमी म्हणून आडवी डोलते. जास्त लांब कयाक जास्त सरळ जाते, जास्त रुंद कयाक जास्त स्थिर राहते. नवख्यानं रुंद घ्यावी. वेगाचं नंतर पाहू.

बाजारात मुख्य प्रकार दोन. एकात माणूस वरच्या उघड्या खोलगट भागावर बसतो. दुसऱ्यात पाय आत घालून, भोकात बसल्यासारखं बसावं लागतं. सुरुवात पहिल्या, उघड्या प्रकारानंच करा. ती उलटली तर तुम्ही आपोआप बाहेर पडता, आणि तिच्या तळाला आरपार भोकं असल्यानं आत आलेलं पाणी स्वतःच निघून जातं. दुसऱ्या प्रकारात उलट्या अवस्थेत पाय बाहेर काढण्याचा सराव लागतो आणि आत भरलेलं पाणी उपसावं लागतं. हवा भरायच्या कयाकही मिळतात. दुचाकीवरून नेता येतात म्हणून त्यांचा मोह होतो. पण त्या हलक्या असल्यानं वारा त्यांना पानासारखं ढकलतो. वारा नसेल त्याच वेळेला वापरा.

दोघांच्या कयाकमध्ये जास्त सराव असलेला माणूस मागं बसतो, कारण दिशा मागून सांभाळली जाते. पुढचा फक्त ताल धरतो आणि मागच्यानं त्या तालावर वल्हं टाकायचं. वहिनी-दादा, बाप-लेक, कुणीही असो, ही वाटणी काठावरच ठरवून घ्या. पाण्यात गेल्यावर भांडण आणि कयाक दोन्ही एकदमच गोल फिरतात, हे मी कित्येकदा पाहिलंय.

कुठं शिकायचं

शहराच्या जवळ म्हटलं की पहिलं नाव रंकाळ्याचं. पश्चिम काठाला शालिनी पॅलेस, पाणी उतरलं की वर येणारा संध्यामठ, पहाटे काठानं चालणारी अर्धी पेठ. पाणी मोठं, तरी चारी बाजूंनी माणसं दिसतात, आणि नवख्यासाठी ही गोष्ट सोन्यासारखी. पण रंकाळा मुळात दगडाच्या खाणींतून तयार झालेला तलाव. खणीच्या पाण्याचा स्वभाव असा, की काठाशीच ते एकदम खोल होतं. घाटाच्या पायऱ्या संपल्या की पाय टेकेल, असं धरून चालू नका.

कळंब्याचा तलाव दिसायला देखणा, हिवाळ्यात पाखरांनी भरलेला; पण ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे. तिथं परवानगीशिवाय पाण्यात उतरायचंच नाही. परवानगीची गोष्ट सगळीकडंच लागू आहे. शहरातल्या तलावांसाठी महापालिका, धरणांसाठी पाटबंधारे खातं, आणि राधानगरी-काळम्मावाडीच्या जंगलाकडच्या पाण्यासाठी वन्यजीव विभाग. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. तिथल्या काठावर गवे पाणी प्यायला येतात आणि त्या काठावर पहिला हक्क त्यांचा. ‘कोण बघतंय’ म्हणून तिथं कयाक टाकणाऱ्यांबद्दल मला अजिबात माया नाही.

शिकण्यासाठी सगळ्यात चांगलं काय, तर जिथं शिकवणारा माणूस आणि मदतीची दुसरी होडी आहे असं छोटं, बंदिस्त पाणी. शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. माझ्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? मी उलटलो तर माझ्यापर्यंत कोण येणार आणि कशानं? आणि पहिल्या दिवशी मुद्दाम उलटवून दाखवणार का? तिसऱ्या प्रश्नावर जो हसून ‘काही होत नाही हो’ म्हणतो, त्याच्याकडं शिकू नका.

शेततळ्याबद्दल स्पष्टच सांगतो: नको. पाहुण्याच्या मळ्यात मोठं शेततळं आहे, तिथंच शिकू, असा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नसतं. पट्टीचे पोहणारेही त्यातून बाहेर येता न आल्यानं गेलेत. काठाला बांधलेले दोर, टायर नसतील तर त्या पाण्याच्या जवळही जाऊ नका.

कधी जायचं

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. जून ते सप्टेंबर नाव काढू नका. एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकर जाता येतं, पण दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही. पश्चिमेला ढग काळे झाले, गार वारा सुटला, लांब कुठंतरी गडगडलं, की लगेच काठावर यायचं. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता, आणि वीज हेच बघते. काठावर आल्यावर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात किंवा चारचाकीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परत जायचं नाही.

दिवसातली वेळ सकाळची. सूर्य उगवल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत पाणी बहुधा आरशासारखं असतं, मग ऊन तापतं तसा वारा उठतो. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या असतील तर ठीक. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला, की नवख्यानं त्या दिवशी काठावर बसून मिसळ खावी. डिसेंबर-जानेवारीत धुकं असेल तर पलीकडचा काठ नीट दिसेपर्यंत थांबा.

अंगावर काय, सोबत काय

लाइफ जॅकेटबद्दल मी हट्टी आहे. पोहता येत असो-नसो, पाण्यात पाय टाकण्याआधी ते घातलेलं आणि सगळे पट्टे आवळलेलं हवं. आपल्या गावानं वीरधवल खाडेसारखा जलतरणपटू दिला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यानं पदक आणलं. त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे. पण रंकाळ्यात लहानपणापासून पोहलोय म्हणून जॅकेट नको म्हणणारा माणूस एक गोष्ट विसरतो: डोक्याला कयाकची कड लागून भोवळ आली, तर पोहणं उपयोगाचं नसतं.

जॅकेट पारखायचं असं. आत कोणत्या वजनाच्या माणसासाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा. घालून पट्टे आवळल्यावर मित्राला दोन्ही खांद्यांकडून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे, पाण्यात ते तोंडावर येईल. जुन्या जॅकेटमधला फोम दबून कडक झालेला असतो. अशात कमरेएवढ्या पाण्यात पाय उचलून बघा, हनुवटी पाण्याच्या वर राहते का. लहान मुलांना दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच जॅकेट घाला. जॅकेटला दोरीनं एक शिट्टी बांधा, ओरडण्यापेक्षा तिचा आवाज लांब जातो.

कपडे पटकन वाळणारे. जीन्स नको, ती भिजली की पायाला दगड बांधल्यासारखी होते. ओढणी, सैल दोऱ्या, मोठे कानातले काढून ठेवा. पायात पट्ट्याचे रबरी सँडल किंवा जुने बूट, कारण काठाला काचा आणि शिंपले असतात. कोल्हापुरी चप्पल काठावर गाडीत. चामडं एकदा चिंब भिजलं की त्याचा आकार गेला. चष्म्याला मागून दोरी. टोपी, एक लिटर पाणी, थोडा गूळ-शेंगदाणा, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. कोरड्या कपड्यांचा एक जोड काठावर असू द्या. पौषातल्या सकाळी ओल्या अंगाला वारा लागला की दात वाजतात.

वल्ह्याची लांबी सहसा सेंटिमीटरमध्ये असते. उघड्या, रुंद कयाकला २३० ते २४० चालतं, उंची कमी असेल तर २२०. वल्हं डोक्यावर आडवं धरा. दोन्ही कोपरं काटकोनात आली की हात बरोबर जागी आहेत. मुठी तिथंच ठेवायच्या, पण घट्ट आवळायच्या नाहीत.

निघण्याआधी काठावरच्या एका माणसाला सांगा: कुठं जातोय, किती वाजता येणार. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात आलो नाही तर ११२ ला फोन कर, असंही सांगा. पहिल्या काही महिन्यांत एकट्यानं जायचं नाही.

आता उलटा

गुडघा ते कमरेएवढं, तळ स्वच्छ आणि टणक असलेलं पाणी निवडा. घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून कयाकमध्ये पाय टाकू नका. पाय घसरणं आणि कयाक सरकणं एकाच वेळी होतं. कयाक पाण्यात तरंगती ठेवा, तिच्या शेजारी उभे राहा, आधी पार्श्वभाग आसनावर टेकवा, मग एकेक पाय आत घ्या. उठतानाही हाच क्रम उलटा.

बसलात? दोन्ही हातांनी वल्हं धरून कंबर डावी-उजवीकडं हलवा. कयाक डोलेल, डोलू द्या. छाती सरळ, डोकं मध्यभागी, फक्त कंबर हलते. पुष्कळ माणसं इथंच समजून जातात, की कयाकला डोलायला आवडतं आणि डोलणं म्हणजे उलटणं नव्हे.

मग छातीएवढ्या पाण्यात या. शिकवणारा शेजारी उभा. एका बाजूला डोकं टाका आणि उलटू द्या. जॅकेट तुम्हाला वर आणेल. वर आल्याबरोबर पहिलं काम: एक हात कयाकवर. दुसरं काम: वल्हं शोधणं. घाबरलेला माणूस कयाक सोडून काठाकडं पोहू लागतो, आणि ही चूक जीवावर बेतणारी आहे. काठ जवळ दिसतो, पण नसतो. कयाक तरंगते, लांबून दिसते, तिला धरून तासभर राहता येतं.

आता तिला सरळ करायचं. एका बाजूनं तळावर वाका, पलीकडची कड हातानं धरा आणि आपलं वजन मागं टाकत ओढा. ती पालथी होती ती उताणी होते. मग आसनाच्या शेजारी या, दोन्ही हात कयाकवर आडवे टाका, पाय पाण्यात मागं सोडून पोहताना मारतो तसे जोरात मारा आणि पोट कयाकवर ओढून घ्या. घाईनं गुडघा टाकू नका, गुडघा टाकला की ती परत उलटते. पोटावर आडवे पडलात की एक श्वास घ्या. मग कुशीवरून वळून पार्श्वभाग आसनात, शेवटी पाय. पोट, कूस, बैठक, पाय. हे चार शब्द मनात म्हणा.

पहिल्यांदा जमणार नाही. दुसऱ्यांदा अर्धवट जमेल. सलग तीन वेळा कुणाच्या मदतीशिवाय जमलं की मग खोल पाण्यात जायला तुम्ही मोकळे. एका सकाळी नाही जमलं, तर दुसऱ्या सकाळी. माझ्या बहिणीला चार सकाळी लागल्या. आज ती माझ्यापेक्षा शांतपणे वल्हवते.

वल्हं मारणं

तालमीत वस्ताद सांगतात, ताकद दंडात नाही, कमरेत आहे. इथंही तेच. नुसत्या हातांनी वल्हवलं तर दहा मिनिटांत खांदे भरून येतात. पाय पुढच्या खाचांवर टेकवा, गुडघे किंचित वाकलेले. उजव्या पायाच्या बोटांशेजारी वल्ह्याचं पान पूर्ण बुडेपर्यंत टाका, त्यासाठी उजवा खांदा पुढं वळलेला असेल. आता हात जवळजवळ सरळ ठेवून पाठ मागं वळवा. पान कंबरेशी आलं की बाहेर काढा. कंबरेच्या मागं खेचत राहिलात तर कयाक पुढं जाण्याऐवजी वळते. मग डावीकडं तेच. पाण्याचा ‘छपाक’ आवाज येत असेल तर तुम्ही पाण्यावर मारताय, पाण्यात टाकत नाही.

वळायचं असेल तर पान पुढच्या टोकाजवळून टाकून मागच्या टोकापर्यंत मोठा अर्धगोल काढा. उजवीकडं अर्धगोल काढला की कयाक डावीकडं वळते. थांबायला डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीनं तीन-चार छोटे उलटे फटके. घाटाला किंवा दुसऱ्या कयाकला बाजूनं चिकटायचं असेल तर पान लांब टाकून पाणी आपल्याकडं ओढा. एवढं पहिल्या महिन्याला पुरतं.

पहिली फेरी

एक चूक मी स्वतः केलीय, ती तुम्ही करू नका. एका धरणाच्या फुगवट्यावर फेब्रुवारीतल्या सकाळी मी आणि माझा मित्र निघालो. पाठीवर हलका वारा होता, कयाक आपोआप पळत होती, आणि आम्ही खुशीत दूरच्या वळणापर्यंत गेलो. परत फिरलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि तोच वारा आता तोंडावर, जोरात. वीस मिनिटांची वाट परतताना दीड तासाची झाली. पाणी संपलं, मित्राच्या हातांना फोड आले. शेवटी काठाकाठानं, झाडांच्या आडोशानं पोचलो. तेव्हापासून नियम: आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं. दमलेल्या माणसाला घरी आणायला वारा पाठीशी हवा.

पहिली फेरी अर्ध्या तासाची, काठाला समांतर, पोहून सहज गाठता येईल इतक्याच अंतरावर. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, दिसलं की लांबून वळसा. त्याच्या मुळ्या वल्ह्याला आणि पायाला गुंततात, उलटलात तर तिथून वर चढणं अवघड होतं. पाण्यावर ओळीनं थर्माकोल किंवा बाटल्या तरंगत असतील तर खाली जाळं आहे. ते कुणाचं तरी पोट आहे, त्यावरून जाऊ नका. धरणांच्या काठाला उपसा योजनांच्या मोटरी, जॅकवेल आणि वायरी असतात. तिथं पाण्याचा ओढा असतो आणि विजेचा धोकाही, म्हणून तिथं उतरायचं नाही. उन्हाळ्याकडं पाणी उतरतं तसे बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात आणि काठ चिखलाचा होतो. पाय गुडघ्यापर्यंत रुततो अशा जागी उतरू नका, मुरूम किंवा खडक शोधा.

पाखरं मात्र भरपूर दिसतील. टिबुकल्या डुबकी मारून भलतीकडंच वर येतात, पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, हळदी-कुंकू बदकांची जोडी असते. वल्हं थांबवून नुसतं तरंगत राहा. थवा एकदम उडाला तर आपण फार जवळ गेलो. दुसऱ्या दिवशी आणखी लांब राहा.

नदीबद्दल, आत्ताच

तलावावर दोन-तीन महिने झाले की पंचगंगा खुणावू लागते. उन्हाळ्याआधीचं तिचं पाणी संथ असतं, दोन्ही बाजूंना ऊस, वर गुऱ्हाळाचा धूर. पण त्या संथपणाचं कारण बंधारे आहेत. आपल्याच गावाच्या नावानं ओळखला जाणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवतात, पावसाआधी काढतात. वरच्या अंगानं येणाऱ्या कयाकवाल्याला बंधारा दिसतच नाही, नुसती एक सरळ रेघ दिसते. पाणी वरून सांडत असेल तर खाली ते स्वतःवरच उलटं फिरतं आणि त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडं ओढली जाते. जॅकेट घातलेला माणूससुद्धा. खांबांच्या फटीत कयाक आडवी अडकली तर पाण्याचा दाब ती सुटू देत नाही. म्हणून नदीवर जाण्याआधी त्या टप्प्यातले बंधारे पायी बघून या, आणि दोनशे मीटर आधीच काठाला लागा. खालच्या अंगानंही जवळ जायचं नाही.

राधानगरीच्या खाली भोगावती नदीचं आणखी एक लक्षात ठेवा. तिथल्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून चौदाशे क्युसेकच्या वर पाणी सुटतं. पावसाळ्यात नदी नको म्हणतो ते यासाठीही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आपल्याकडं पोरांनाही पाठ असतात. पण कयाकसाठी नदी त्याच्या कितीतरी आधी बंद होते. पाणी गढूळ झालं आणि त्यावर काटक्या-पाला वाहताना दिसला की पुरे.

आणि कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात मगरी आहेत. तिकडं हौसेनं कयाक घेऊन जाऊ नका.

काठावर आल्यावर

कयाक दगडावरून ओढू नका, दोघांनी दोन टोकांना धरून उचला. बूच काढून आतलं पाणी निथळू द्या. तळाला, आसनाच्या खाचांत, वल्ह्याच्या सांध्यात केंदाळाचं एखादं पान किंवा मुळी अडकलेली असते. ती तिथंच काढून काठापासून लांब, उन्हात टाका. तेवढ्या तुकड्यातून ते दुसऱ्या तलावात पसरतं, आणि रंकाळ्यातून केंदाळ काढायला काय कष्ट पडतात ते या गावानं पाहिलंय. जॅकेट सावलीत वाळवा, उन्हात त्याचा फोम आणि पट्टे लवकर खराब होतात. कयाक सावलीत पालथी ठेवा. मग काठावरच्या ज्या माणसाला वेळ सांगून गेला होता, त्याला सांगा की आलोय.